चौपाटीवरचा खून आणि हरिसिंग जमादार

हरिसिंग जमादारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते झोपले आहेत असं मला वाटलं. आमच्या शाळेची घंटा, म्हणजे रुळाचा एक तुकडा, चोरीला गेली होती आणि मुख्याध्यापकांच्या हट्टापायी पुसदहून पोलीस आले होते. जमादार व्हरांड्यातल्या बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि त्यांनी डोळे मिटले. एकेक जण समोर येऊन बोलत होता. कुणी घंटेच्या आवाजाचं कौतुक केलं, कुणी शेजारच्या गावावर संशय घेतला. जमादारांची हनुवटी छातीला टेकली. मी पाठवलेला चहा निवून गेला. मग ते उठले, आमच्या शिपायाच्या खांद्यावर हात टाकून त्याला कडुलिंबाखाली घेऊन गेले आणि जेवणाच्या सुट्टीआधी घंटा जागेवर आली. वाऱ्यानं टिन उडू नये म्हणून शिपायानं ती आपल्या घराच्या छपरावर ठेवली होती.

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं.

"सारेच मले इचारत होते, घंटा कुठं गेली असन," ते म्हणाले. "त्यानं एकट्यानं नाही इचारलं. त्याले ठाऊक होतं ना, गुरुजी."

पुढं मी निवृत्त झालो, ते झाले, आणि त्यांनी आमच्या गावाला लागून असलेल्या बंजारा तांड्यात घर बांधलं. माझ्या परसाची आणि त्यांच्या अंगणाची भिंत एकच. उंच, वाळका माणूस. मिशी पांढरी, पण ओठाशी विडीनं पिवळी झालेली. गावात त्यांचा दरारा होता, घरात मुळीच नव्हता. त्यांची बायको मानीबाई त्यांना चारचौघांत चिडवायची. आमचं गाव धरणाच्या काठावर, आणि जमादारांना पाण्याची भीती. नोकरीतसुद्धा पाण्यातलं प्रकरण आलं की ते काठावर उभं राहून पंचनामा सांगत. "चोराले भेत नाही अन् बालटीले भेते," असं मानीबाई म्हणायची, आणि जमादार हसून विडी पेटवायचे.

मागच्या हिवाळ्यात मानीबाई गेली. तांड्यातल्या बाया आल्या, एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बंजारा बायांचं रडणं नुसतं रडणं नसतं, त्याला चाल असते, शब्द असतात. जमादार कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, म्हणून काही लोकांनी नावं ठेवली. मला मात्र रोज भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू यायचा. मीठ कुठं ठेवलंस. या सदऱ्याची गुंडी कुठं गेली. आज ऊन जास्त आहे का मलेच वाटते. ते मानीबाईला विचारत असायचे. उत्तर येत नव्हतं, पण विचारणं थांबत नव्हतं. दुपारी माझ्या ओसरीवर येऊन बसत, तेव्हा मात्र एक अक्षर बोलत नसत.

अशा माणसाला मी खुनाच्या भानगडीत ओढलं.

आमच्या गावाला समुद्र नाही, पण चौपाटी आहे. धरणाच्या काठावर उकंडाची टपरी आहे. तळलेले मासे, भजी, चहा. तिथंच शंकरसिंग नाव चालवतो. रविवारी पुसदची माणसं येतात, मासे खातात, नावेत बसतात आणि फोटो काढून जातात. त्या जागेला चौपाटी हे नाव आधी कुणी दिलं, यावरून या दोघांचं भांडण होतं. दोघं लहानपणापासून बरोबर मासे धरलेले, पण हा विषय निघाला की एकमेकांचं तोंड पाहत नसत. उकंडानं टपरीवर पाटी लावली, "चौपाटी, संस्थापक उकंडा". दुसऱ्या दिवशी शंकरसिंगनं नावेवर तेच रंगवलं, फक्त संस्थापक बदलला. मी व्याकरण तपासून द्यावं म्हणून दोघंही माझ्याकडं येऊन गेले होते.

एका रविवारी भर गिऱ्हाइकांत दोघांची जुंपली आणि उकंडा म्हणाला, "एक दिवस तुले तुह्याच चौपाटीत बुडवतो." सोमवारी शंकरसिंग नाहीसा झाला. नाव पाण्यात एकटीच डोलत होती, तीत त्याच्या चपला आणि रक्तानं माखलेला सदरा. त्याची बायको रुपीबाई काठावर बसून छाती पिटत होती.

तिनं तक्रार दिली, पोलीस आले. पाणबुडे आले, त्यांना एक सायकल आणि गणपतीचा पाट सापडला. सदरा तपासणीला गेला. उकंडाला रोज ठाण्यात बोलावणं येऊ लागलं. भजी तळायला त्याची मुलगी उर्वशी उभी राहायची, पण खायला कुणी येत नव्हतं. उर्वशी माझी विद्यार्थिनी. ती एका संध्याकाळी माझ्या ओसरीवर आली. ठाणेदारांनी सांगितलं होतं, परवा अटक करू. जमादार खांबाला टेकून बसले होते. ती माझ्याशी बोलत होती, पण पाहत त्यांच्याकडं होती. तुम्ही एकदा बघा, असं मीच त्यांना म्हटलं.

जमादारांनी मान हलवली. आता आपल्यात ते राहिलं नाही, असं म्हणाले आणि उठून गेले. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "जाऊ का व? काय म्हणतेस?" आणि बऱ्याच वेळानं अंगणाचं फाटक वाजलं.

मी त्यांच्यामागं गेलो. ते उकंडाकडं गेले नाहीत, धरणावर तर नाहीच नाही. रुपीबाईच्या अंगणात बाया जमल्या होत्या, तिथं बाजूच्या दगडावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. रुपीबाई रडत होती. सुरात, हात ओवाळून. मला खरोखरच भरून आलं. जमादारांची हनुवटी छातीला टेकली.  घराशी आल्यावर त्यांनी विडी पेटवली आणि मला विचारलं, गुरुजी, शोकसभेला भोंगा कुठं भाड्यानं मिळते?

माणूस मेला की नाही याचाच पत्ता नाही आणि शोकसभा कसली, असं मी म्हटलं. त्यावर ते माझ्याकडं असं पाहून हसले की मानीबाई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुपीबाईच्या अंगणात शोकसभा झाली. जमादारांनी ठाणेदारांना स्वतः जाऊन बोलावलं होतं आणि उकंडालाही आणवलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक लागला. त्यावरचा शंकरसिंगचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, म्हणून तो फेटा बांधून हसत होता. भोंगा मात्र लोकांकडं नव्हता. जमादारांनी तो अंगणाच्या टोकाला, कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, साठवायच्या कोठ्याकडं तोंड करून बांधायला लावला होता. मी खूण करून विचारलं, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. रुपीबाईचं रडणं त्या दिवशी अधूनमधून चुकत होतं.

सरपंच बोलले. शंकरसिंगसारखा नावाडी होणे नाही, असं म्हणाले. सरपंच त्याच्या नावेत कधी बसले नव्हते. मी दोन शब्द बोललो. मग जमादारांनी उकंडाला पुढं केलं. लोक कुजबुजले.  रोज ठाण्यात बसून उकंडाचे डोळे सुजले होते.

त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला. आम्ही लहान होतो तेव्हा याच पाण्यात पोहायला शिकलो, मला बुडताना यानंच ओढून काढलं, असं त्यानं सांगितलं. मी रागात बोललो, पण माझा हात त्याच्यावर उठणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, तुम्हाला नसलं तरी. मग तो थांबला. भोंग्यातून त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"आज खोटं नाही बोलत," तो म्हणाला. "चौपाटी हे नाव त्यानंच देल्लं होतं. आधी तोच बोलला. मी आयकलं अन् पाटी लावली."

 आणि कोठ्यातून आवाज आला,

"मंघा काय बोलला ते पुन्हा बोल. मांगच्यायले आयकू नाही आलं."

शंकरसिंग बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, कानांत कुटार होतं. फलकावरच्या फोटोशी त्याचं काही साम्य नव्हतं. रुपीबाईनं पदर तोंडावर घेतला. आता ती खरंच रडत होती, पण त्या रडण्याला चाल नव्हती. उकंडानं माइक खाली टाकला, शंकरसिंगला एक थोबाडीत दिली आणि मग त्याच्याच गळ्यात पडला. ते सगळं भोंग्यावर ऐकू आलं.

प्रकार साधा होता. उकंडाची दोन दिवस पाचावर धारण बसवायची, एवढाच नवराबायकोचा बेत. सदऱ्यावरचं रक्त घरच्या कोंबडीचं, आणि कोंबडी दोघांनी खाल्लेली. पण पोलीस खून म्हणू लागले आणि शंकरसिंगला बाहेर यायची भीती वाटू लागली. ठाणेदार फार रागावले. खोटी तक्रार दिली म्हणून नवराबायकोंवर गुन्हा नोंदवला गेला, आणि ते योग्यच झालं. कोर्टाच्या तारखांना उकंडाच शंकरसिंगला मोटारसायकलवर घेऊन जातो.

घरी येताना मी जमादारांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं. 

"मानी गेली तेव्हा बाया कशा रडत होत्या, आठवते तुमाले?" ते म्हणाले. "मेलेल्याले सारे इचारत रायतेत. काहून गेली, आमाले कोनापाशी ठेवून गेली, कुठं पाहू तुले. मी तर अजूनबी इचारून राह्यलो." मग विडी विझली म्हणून ते थांबले. "रुपीनं त्याले एकबी गोष्ट इचारली नाही, गुरुजी. नुसती गात होती. अन् पाठ पाण्याकडं, तोंड कोठ्याकडं."

त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

भिंतीपलीकडचे प्रश्न अजून ऐकू येतात, पण आता त्यांत थोडी थट्टा असते. परवा ते मानीबाईला विचारत होते, पाहून राह्यली का व, कोण पाण्यात उतरलं ते. कारण हरिसिंग जमादार सध्या रोज सकाळी धरणावर पोहायला शिकतात. उर्वशी शिकवते, शंकरसिंग आणि उकंडा काठावर बसून हसतात. जमादारांचे पाय अजून तळावरून सुटलेले नाहीत.