फुंकायचं नाही, ओढायचं

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत आरतीचा शंख वर्षानुवर्षं माझ्याकडेच. त्यामुळे पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर सिस्टरने तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र हातात दिलं आणि चेंडू वर न्यायला सांगितले, तेव्हा मनात म्हटलं, हे तर घरचंच काम. नळी तोंडाला लावून फुंकर मारली. चेंडू ढिम्म. टाके ताणले जाईपर्यंत फुंकलं आणि मग यंत्र बिघडलेलं आहे असं जाहीर करून उताणा पडून राहिलो. भेटायला येणारेही म्हणत, आराम करा, हलू नका.

दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला. आणखी उतरला तर आयसीयूत हलवावं लागेल, असं डॉक्टर सांगून गेले. बायको त्या आकड्यावरून नजर काढेना. मी चांगलाच घाबरलो.

संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी मला उठवून बसवलं. भूल दिली की स्नायू सैल पडतात, छातीखालचा पडदा वर सरकतो, फुप्फुसांत हवा कमी मावते आणि त्यांचा खालचा भाग मिटतो, असं त्यांनी समजावलं. तो उघडायचा तर बसून खोल श्वास घ्यायला हवा. मग यंत्र वापरून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं.

"काका, फुंकायचं नाही, ओढायचं."

"अहो, शंख नाहीये तो," बायको म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच ती हसली.

टाक्यांवर उशी दाबून श्वास आत ओढला. पहिला चेंडू जरासा हलला. मग बायकोने मला आडवं होऊच दिलं नाही. हळूहळू तिन्ही चेंडू वर गेले, ताप उतरला, आकडाही सुधारला.

घरी निघताना बाईंचे आभार मानले आणि गमतीने विचारलं, ऑपरेशनभर घोरत होतो का?

"घोरणार कसे? तुम्हाला श्वास तेव्हा मशीन देत होतं. मी उशाशी बसून बघत होते."

मला वाटत होतं, झोपेत मीच श्वास घेत होतो. माझा एकेक श्वास कुणीतरी राखत बसलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत.

यंदा गणपतीच्या पहिल्या आरतीला शंख उचलला, छाती भरून श्वास ओढला आणि तसाच थांबलो. तो सोडवेना. सगळे ताटकळले. शेवटी बायकोने कोपराने ढोसलं, तेव्हा फुंकला.