रफिकुलचा मुका फोन

खानावळ चालवली की खरकट्या भांड्यांसारखे किस्सेही साठत जातात. भांडी निदान घासून निघतात. हे काही निघत नाय बघा.

पुंडलिकनगरात माझी खानावळ. फरशी बसवणारा रफिकुल दोन्ही टाइम माझ्याकडंच जेवतो. पोरगा बंगालमधल्या मालद्याचा. शेजारचे काका डबा न्यायला आले, त्याला फोनवर बंगाली बोलताना ऐकलं अन् मला बाजूला घेऊन म्हणाले, "बांगलादेशी दिसतोय, जपून राहा." म्हटलं, काका, तुमच्या देवघरातली फरशी यानंच बसवली ना? तर म्हणाले, "काम चांगलंय हो त्याचं!"

•

मी बी कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीहून इथं आलेली. मला कुणी विचारलंच, कुठली म्हणून, तर पुढं पाहुणेपणा निघतो अन् चहा होतो.

•

रफिकुलचा मात्र टपरीवरच्या पोरांनी फोन हिसकावला. ही भाषा इथं बोलायची नाय म्हणे. वर कानाखाली बी दिली. पोरगं आलं, हात धुतले, जेवलं. गालावर बोटं उमटलेली. लई राग आला मला, पण काढू कुणावर? भाकऱ्याच जोरात थापत राहिले.

•

मग मीच शिकवलं, कुणी विचारलं तर कन्नडचा म्हणून सांग. नेमका पहिलाच रिक्षावाला कन्नडचा निघाला! कन्नडात कुठं राहतो, त्यानं विचारलं.

"बस स्टँडवर."

हे सांगताना रफिकुल पोट धरून हसला. दुसरी भाकरी काही घेतली नाय त्यानं.

•

चारचौघांत बंगाली बोलणं त्यानं बंदच केलं. आईला बंगालीशिवाय काही येत नाय. ती रोज जेवायच्या वेळी व्हिडिओ कॉल करते. हा फोन पाण्याच्या जगला टेकवतो अन् नुसतं हं हं करतो. मागं माझं सगळ्यांना वाढणं चालू असतं, बाळा, अजून वाढू का?

एकदा म्हणाला, "मावशी, आईला वाटतं मी रागावलोय."

खोलीवर जा, दार लाव अन् सांगून टाक तिला खरं काय ते, म्हटलं. त्यानं सांगितलं. तेव्हापासून तीही बोलेना. फोन लागायचा, ती नुसती बघत बसायची अन् हा जेवायचा. मला ते बघवत नव्हतं.

•

परवा खानावळ गच्च भरलेली. काका डब्यासाठी दारात उभे. मी भाकरीची दुरडी घेऊन एकेकाला वाढत निघाले. रफिकुलपाशी पोचायच्या आधीच जगला टेकवलेल्या फोनमधून त्याची आई बोलली. अक्षर अक्षर जुळवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाळा, अजून वाढू का?"