दुसऱ्यांच्या चुली पेटवणारे म्हादूअण्णा

म्हादूअण्णा दुसऱ्यांच्या चुली पेटवत हिंडायचे. नगर शहरातल्या पाच-सहा घरांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. घरांचे मालक नोकरीपायी परगावी गेलेले. त्यांतलं एखादं घर भाडेकरूवाचून रिकामं पडलं, की अण्णा रोज तिथं जायचे, चुलीत गोवऱ्या-काटक्या घालून चांगला धूर करायचे, तव्यावर एक भाकरी टाकायचे आणि ओसरीवर बसून ती सगळ्या गल्लीला दिसेल अशी खायचे. मग दार लावून पुढच्या घरी. "माझं पोट कवाच भरलंय," असं ते म्हणत, "आता घरं जेवत्यात."

हा काही विक्षिप्तपणा नव्हता. महायुद्धाची ती वर्षं. नगर म्हणजे लष्कराचं ठाणं, आणि जागा कितीही असली तरी पुरत नव्हती. रिकामं घर दिसलं की कचेरीतून माणसं यायची, दारावर खडूनं खूण करायची आणि चार दिवसांत घर सरकारच्या ताब्यात जायचं. परत कधी मिळेल, ते ज्यांनी घेतलं त्यांनाही ठाऊक नसे. नुसतं भाडेकरूच्या हवाली करून जावं, तर तो उठेल याची खात्री नाही. म्हणून लोक अण्णांसारखा माणूस गाठत. तो भाडेकरू शोधी, कौलं शाकारून घेई, भाडं वसूल करून मनिऑर्डर करी, त्यातला ठरलेला हिस्सा आपल्याला ठेवी.

माझी नगरच्या शाळेतून संगमनेरपलीकडच्या अकोल्याला बदली झाली तेव्हा मीही त्यांना गाठलं. माळीवाड्यातलं आमचं तीन खोल्यांचं घर म्हणजे आईचं सर्वस्व. वडील गेल्यावर तिनं ते दागिने मोडून सोडवलं होतं. "मला मरायला इथंच आण," एवढं एकच मागणं तिनं माझ्याकडे केलेलं. आणि मी तर जात्याच भित्रा. वर्गात शिवाजी महाराजांच्या लढाया सांगताना माझा आवाज चढायचा तेवढाच. अण्णांच्या नावच्या मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी मी ते तीनदा वाचलं.

अण्णा मूळचे तिसगावचे. उंच, वाळके, डोक्याला मळकं मुंडासं. घर बघायला आले ते आधी भिंतींवर बोटं वाजवत फिरले, मग आढ्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. "रिकामं घर आन् उघडी जखम, दोन्हीवर माशा बसत्यात," ते म्हणाले. "मास्तर, तुमी बिनघोर जावा. म्या हाय."

पण आईनं एक अट घातली. स्वयंपाकघरात तिचे देव होते, तिची सोवळ्याची चूल होती. ती खोली कुणालाही उघडायची नाही. भाडेकरूनं पडवीत शेगडी मांडावी. स्वयंपाकघराला कुलूप घालून किल्ली तिनं कनवटीला लावली. अण्णांनी कुलपाकडे पाहिलं. "आक्का म्हनत्याल तसं," एवढंच म्हणाले.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. रेल्वेतला एक कारकून भाड्यानं राहत होता, त्याचीही बदली झाली. मग अण्णांचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. घर मोकळं आहे, नवा माणूस मिळेना, कचेरीची माणसं गल्लीत फिरताहेत. पडवीतल्या शेगडीचा धूर रस्त्यावरून दिसत नाही, तेव्हा आतल्या चुलीची किल्ली पाठवावी.

मी कार्ड आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या चुलीला परका हात लागायचा नाही." आईला दुखवायची भीती, घर जायची भीती. जी जवळ बसली होती तिला मी जास्त भ्यालो आणि 'किल्ली मिळणार नाही' असं उलट टपाली कळवून टाकलं.

त्यानंतर अण्णांचं एक अक्षर नाही. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. मी रोज टपालवाल्याची वाट बघायचो आणि तो दिसला की दाराआड व्हायचो. त्यात आमच्या शाळेचे ड्रॉइंगमास्तर एका लग्नाला नगरला जाऊन आले. म्हणाले, "तुमच्या घरात बिऱ्हाड आहे की! चुलीचा धूर निघतोय, अंगणात पोरं खेळताहेत. गल्लीतले सांगत होते, तुमचा तो मुखत्यारच बायकापोरं घेऊन राहिलाय." जरा थांबून त्यांनी वर मीठ चोळलं, "मुखत्यारपत्र दिलंत ना? मग घर दिलंत असंच समजा."

आईला न सांगता मी निघालो. पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार संगमनेरपर्यंत दोनदा बंद पडली. सबंध वाटभर माझ्या डोळ्यांपुढे कोर्ट, वकील, तारखा आणि आईचा चेहरा. अण्णांना काय काय सुनवायचं ते मनाशी घोकत होतो, आणि त्यांनी दांडकं उगारलं तर काय करायचं, हेही.

भर दुपारी पोचलो. घरावर खरंच धूर होता. दारावर खडूची पुसट खूण होती. अंगणात दोन मुली चिंचोके खेळत होत्या. आत गेलो तर स्वयंपाकघराचं कुलूप तुटलेलं, कडीला नुसतं लोंबत होतं, आणि आईच्या चुलीपाशी अण्णांची बायको भाकरी थापत होती. देव्हाऱ्यावर मात्र धुतलेलं फडकं घातलेलं होतं.

अण्णा परसातून आले. मला पाहून मुंडासं नीट केलं. "कुलूप म्या तोडलं, मास्तर. खूण झालती. दुसऱ्या दिशी ताबा घ्यायला येनार हुते. एकटा मानूस दिसला तर राखनदार म्हनून हाकलत्यात. म्हून लेकरं आनून बसवली. सायेब आला, चूल बगितली, पोरी बगितल्या, गेला माघारी. तुमाला कळवायला तोंड न्हवतं. आक्कांना शबूद दिल्ता."

घर वाचलं होतं! "आणि तुमचं बिऱ्हाड?" मी विचारलं.

अण्णांची बायकोच आतून म्हणाली, "भिंगारला भाड्याची खोली हुती. आमी हिकडं आलो, ती रिकामी दिसली. तिच्यावर खूण केली, घेतली की सरकारनं."

त्या क्षणी माझ्या मनात काय यावं? आजही लिहिताना लाज वाटते. मी त्यांचे पाय धरायला हवे होते. माझ्या मनात आलं ते हे, की यांना आता जायला जागा नाही, म्हणजे हे उठणार नाहीत.

मी बोललो नाही. पण जन्मभर मालकांची तोंडं वाचलेला तो माणूस. त्यानं बायकोला हाक मारली, "चूल सारव. निघायचंय." मी "अहो, एवढी घाई कशाला" असं काहीतरी पुटपुटलो, तेही धड ऐकू जाणार नाही अशा आवाजात. तिनं अर्धी भाजलेली भाकरी तव्यावरून काढली, विस्तव विझवला, चूल शेणानं सारवली. मुलींनी चिंचोके ओच्यात भरले. अण्णांनी घराच्या किल्ल्या आणि मुखत्यारपत्र माझ्यापुढे ठेवलं. मग आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले, "आक्कांची भांडी मोजून घ्या. मालकानं मोजून घेतल्याबिगर म्या घर सोडत न्हाई."

ती चौघं अंगणात उभी राहिली. मी आत गेलो.

पाठोपाठ नवा भाडेकरू मिळाला, घर राहिलं. अण्णांचा पत्ता पुढं लागला नाही. तिसगावला माणूस पाठवून पाहिला, तिथंही ते गेले नव्हते. मी अकोल्याला परतलो त्या दिवशी आईला सगळं सांगून टाकलं. कुलूप तोडल्याचं ऐकून ती संतापेल म्हणून भीत भीत सांगितलं. ती निवडायला घेतलेलं सूप मांडीवर तसंच धरून ऐकत राहिली. चुलीबद्दल, सोवळ्याबद्दल एक शब्द नाही. मग तिनं विचारलं,

"त्या पोरी उन्हात उभ्या होत्या आणि तू भांडी मोजलीस?"

मी मोजली होती. सगळी होती.