गोठलेली लस

डाळजच्या अय्युबभाईंचं आयुष्य बर्फात गेलं. भिगवणच्या कारखान्यातून लाद्या आणायच्या आणि उजनीच्या काठावर मासेवाल्यांना पोचवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ काविळीनं गेला होता. घरच्यांनी त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली, पथ्यं केली. काही उपयोग झाला नाही.

म्हणून अठ्ठ्याण्णव साली बारामतीच्या योगिनी डॉक्टर शाळेत काविळीची लस टोचायला आल्या, तेव्हा अय्युबभाईंनी लस गार ठेवायला आपण होऊन बर्फ दिला आणि नात झोयाला घेऊन रांगेत पहिले उभे राहिले.

कंपाउंडरनं बाटल्या ताज्या लादीवर तशाच ठेवल्या होत्या. अय्युबभाईंनी एक उचलली.

"बाई, ही आतून गोठलीया."

"विरघळली की झालं," कंपाउंडर म्हणाला. "माणसं खोळंबलीत."

"मासा कडक गोठला की विरघळून मऊ पडतो, परत ताजा व्हत न्हाय. ह्याचं तसंच नसंल कशावरनं?"

डॉक्टरांनी बाटली मुठीत धरली, पातळ झाल्यावर हलवून उजेडात पाहिली. तळाशी कण बसले होते.

"बरोबर आहे तुमचं. ही टोचली तर नुसतं दुखेल, काविळीपासून राखण होणार नाही."

टोचणी रद्द झाली. खुरपणी सोडून आलेली छबूबाई भडकली. "परत कोण येतंय आता?"

"शिव्या मला घाल, छबूअक्का. पण वाया गेलेलं औषध पोरांना टोचाया नगं. सोमवारी ये. पयली माझीच नात."

सोमवारी डॉक्टर नवी लस घेऊन आल्या. अय्युबभाईंनी बर्फ गोणपाटात गुंडाळला, बर्फ आणि बाटल्यांच्या मध्ये जाड पुठ्ठा घातला आणि स्वतः लसीच्या पेटीपाशी बसून राहिले. झोयानं शाळा डोक्यावर घेतली. तिच्यामागं एक्केचाळीस पोरं टोचून झाली. छबूबाईची दोन्ही त्यात होती.

लस तीनदा टोचायची होती. महिन्यानं दुसऱ्या सुईला सगळे आले. तिसरी सहा महिन्यांनी, आणि तोवर लोक विसरले. अय्युबभाई मग बर्फाच्या फेरीतच दारोदार सांगत सुटले. छबूबाई कामासाठी बावड्याला गेली होती. तिथवर ते एम-एटी गाडी घेऊन गेले.

"एवढ्या लांब सुईसाठी आलास व्हय?" ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं पोरांना घेऊन हजर झाली.

एका बापानं मात्र दार लावून घेतलं. "दोन झाल्या, बास." अय्युबभाई चिडले नाहीत, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी हाक मारायच्या आधीच त्या पोराची आई त्याला कडेवर घेऊन बाहेर आली.

"चला," ती म्हणाली, "ह्यांचं मी बघते."