दार वाजवण्याचं विधेयक

आमदाराचा पीए निवृत्त झाला की त्याच्याकडे दोनच गोष्टी उरतात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांना गोळ्या मिळतात. किस्से ऐकायला माणूस लागतो, आणि हल्ली तोच मिळत नाही. आज तुम्ही सापडलात!

आमचे आमदार अण्णा. अजिंठ्याकडच्या एका गावात एकटी राहणारी गोदाबाई घरात पडली आणि कुणाला पत्ताच लागला नाही. बाई वाचली, पण अण्णांची झोप उडाली. म्हणाले, "साळवे, कायदाच करू! एकट्या माणसाचं दार गावानं आठवड्यातून एकदा वाजवलंच पाह्यजे."

*

मंत्री नसलेल्या आमदारालाही विधेयक मांडता येतं. फक्त मसुदा आधी तपासून घ्यावा लागतो. मुंबईचे अधिकारी म्हणाले, "एकटी व्यक्ती म्हणजे कोण? व्याख्या द्या."

मी वय, नातं, रेशनकार्ड असं बरंच लिहिलं. अण्णांनी सगळं खोडलं. "लिहा, ज्याच्या घरात चहा एकच कप होतो, तो!"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "साहेब, हे कलमात बसत नाही."

*

पहिल्या वाचनात विधेयकाचं फक्त नाव घेतात. अण्णा उठले, नाव घेतलं, परवानगी मिळाली, बसले. वहिनी गारखेड्याच्या घरी टीव्हीसमोर होत्या. लगेच फोन!

"एवढंच? नाव तर मीबी लग्नात घेतलं होतं. पुढचा संसार कोण करणार?"

*

पुढचा संसार म्हणजे चर्चा. ही विधेयकं शुक्रवारी अगदी शेवटी येतात, तीही चिठ्ठीत नंबर लागला तर. आमचा लागला! पण शुक्रवारी दुपारनंतर सगळ्यांचं लक्ष घरी जायच्या गाडीकडे. अण्णा बोलायला उभे राहिले आणि सभागृहात पुरेसे आमदार नाहीत म्हणून कोरमची घंटा सुरू झाली. वाजत राहिली. कुणी आलं नाही. सभागृह उठलं.

जिन्यात भेटले तेव्हा हसत होते. "एकट्याचं विधेयक, अन् बोलायला मी एकटाच!"

मला मात्र हसू आलं नाही.

*

विधानसभेची मुदत संपली की राहिलेलं विधेयकही संपतं. सरकारी शब्द 'व्यपगत'. सिल्लोडचे आमचे कार्यकर्ते रशीदभाई ऑफिसात आले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "विधेयक व्यपगत झालं."

त्यांना 'दिवंगत' ऐकू आलं. त्यांनी चटकन टोपी सारखी केली. "अरे! मिट्टी कितने बजे है?"

अण्णा हसून हसून खोकले.

पुढच्या निवडणुकीत अण्णा पडले. त्यानंतर वहिनी गेल्या. त्या दिवशी रशीदभाईंनी काही विचारलं नाही. सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते.

*

आता अण्णांच्या दारात चपला नसतात. ते बघवत नाही, म्हणून मी दर शुक्रवारी दुपारी जातो. बेल आहे, तरी दारच वाजवतो. आतून आवाज येतो, "कोरम हाये का?"

"आहे अण्णा, दोघं!"

मग चहा होतो.

मागच्या शुक्रवारी मला ताप होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला. कुणाला कळवलं नाही, अण्णांनाही नाही. पडून होतो.

दुपारी दार वाजलं. बेल असताना!

उघडलं तर अण्णा. या वयात जिने चढून धापा टाकत होते, हातात थर्मास. बसा म्हटलं तर बसले नाहीत, कप शोधायला थेट स्वयंपाकघरात गेले. सिंकजवळ माझा कप उपडा घातलेला होता. एकच.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साळवे, तुमी तर बसता की व्याख्येत!"