सर्वांत मळके पाय

माझ्या सासऱ्यांइतका नम्र माणूस आमच्या चर्चच्या मंडळीत दुसरा नव्हता, आणि हे ते स्वतःच सांगत.

ते राजारामपुरीतल्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि चर्चमधले वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून मंडळीतल्या वडिलांनी इतरांचे धुवायचे. सासऱ्यांचा हट्ट असा, की आपल्या वाट्याला सर्वांत मळके पाय यावेत. स्वच्छ पाय काय, कोणीही धुईल, असं ते म्हणत. दुसरे एक वडील होते, निवृत्त कंपाउंडर. एका वर्षी त्यांना चुन्यासिमेंटने भरलेला गवंडी मिळाला, तेव्हा सासऱ्यांना ईस्टरपर्यंत जेवण गोड लागलं नव्हतं म्हणे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी कुरुंदवाडहून लग्न होऊन आले, त्या वर्षी त्यांनी आधीच बंदोबस्त केला. मंडळीतले एक शेतकरी गडमुडशिंगीला राहत. उसाला पाणी पाजणं चालूच होतं. रानातून थेट या, असं सासऱ्यांनी त्यांना बजावून ठेवलं. पाय धुवायचं पितळी घंगाळ चिंचेने घासायचं आणि चर्चपर्यंत न्यायचं काम माझं. घरात या नम्र सासऱ्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागे, त्यामुळे घासताना माझा हात जरा जोरातच चालत होता.

शेतकरी आले ते परीटघडीचं धोतर नेसून. पाय आरशासारखे लख्ख, वर खोबरेल तेल. सासऱ्यांचा चेहरा पडला.

"अहो, पाय धुऊन आलात?"

"मग? देवाच्या घरात तसंच यायचं व्हय मास्तर? घरच्या मंडळीनं विटकरीनं घासून दिलं की."

सासऱ्यांनी त्यांना दंडाला धरून चर्चच्या मागे नेलं. तिथे गळक्या नळाखाली चिखल होता. "जरा फिरून या यातून," ते म्हणाले. मास्तर सांगतायत म्हटल्यावर शेतकरी धोतर वर धरून निमूट फिरले. आत पाळकसाहेब गीताचं शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते आणि कंपाउंडर गालातल्या गालात हसत होते.

मग सासऱ्यांनी गुडघे टेकून ते पाय धुतले. अगदी सावकाश, मागच्या बाकावरूनही दिसावं असं. पुसून झाल्यावर शेतकरी उठले आणि म्हणाले, "आता तुमी बसा मास्तर."

"छे छे, मी त्या योग्यतेचा नाही."

"मी तरी कुटं हाय? तुमी माजं धुतलंसा, मी तुमचं धुतो."

सासऱ्यांनी बूट घट्ट जमिनीला रोवले. पाळकसाहेब हसून म्हणाले, "पेत्रसुद्धा प्रभूला असाच नको म्हणाला होता." प्रभूच्या पट्टशिष्याशी, खुद्द पेत्राशी तुलना झाल्यावर सासरे बसले.

बूट निघाले, मोजे निघाले आणि आम्ही पुढच्या बाकावरच्या बायकांनी माना पुढे काढल्या. नखं वाढून, पिवळी पडून वळली होती. एक तर शेजारच्या बोटात रुतलं होतं आणि तिथे रक्त सुकलं होतं. पोट आडवं येत असल्यामुळे त्यांचा हात दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचत होता, स्वतःच्या नाही. आणि कुणाला सांगायचं तर तोंड उघडत नव्हतं.

शेतकऱ्यांचा आवाज बांधावरून बांधावर जाणारा. "मास्तर, नखं कोण काढत न्हाय व्हय तुमची? अवो, चालताना लागतंय की!"

अख्ख्या चर्चने ऐकलं. सासरे छताकडे बघत बसले. शेतकऱ्यांनी मात्र बैलाचा दुखरा खूर धुवावा तसे ते पाय हलक्या हाताने धुतले.

घरी येताना ते एकेक पाऊल जपून टाकत होते. दिवाळीपासून त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद होतं. वाचायचं राहून जातं, असं कारण सांगत. माझा सगळा राग तिथे रस्त्यातच विरघळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. स्टुलावर नेलकटर.

"सूनबाई, जरा येतेस?"

मी खाली बसायला लागले तशी म्हणाले, "आधी दार लावून घे."

दार लावलं. नखं इतकी टणक झाली होती की आधी कोमट पाण्यात भिजवावी लागली. घंगाळ कालचंच होतं. पाय मांडीवर घेतला तेव्हा सासरे रडत होते, आणि ते कुणाला दिसू नये असं या वेळी त्यांना खरोखरच वाटत होतं.