कांद्याच्या मुळाचं नाटक

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या वर्गात एका खिडकीत राजवाडा होता आणि दुसऱ्या खिडकीत घनदाट जंगल. राजवाड्याच्या पायऱ्यांचे पोपडे निघाले होते. जंगलातल्या हरणाचा एक पाय फाटून लोंबत होता. पंखा फिरायला लागला की राजवाडाही हलायचा आणि हरीणही. जंगलाचा पडदा गुंडाळला की त्याच्या मागे धानाच्या बांध्या, बांध घातलेली ती खाचरं, आणि त्यांच्या मागे खरंखुरं जंगल. अजून कधीतरी तो वर्ग माझ्या स्वप्नात येतो, तेव्हा यातलं रंगवलेलं कुठलं आणि खरं कुठलं ते मला कळत नाही. कळून घ्यावंसंही वाटत नाही.

मी चंद्रपूरची. अब्बांचं तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तारा, खरखर आणि कुठूनतरी लांबून येणारे आवाज यांतच मी वाढले. नोकरी लागली ती सिंदेवाहीच्या पुढे, आडबाजूच्या एका कॉलेजात. एसटीतून उतरून धुरकट सकाळी कॉलेजकडे चालत जाताना मला वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत. स्वभाव मात्र झोपाळू नव्हता. मी फटकळ म्हणून प्रसिद्ध होते, आणि मुलं मला पाठीमागं काय म्हणत ते मला चांगलं ठाऊक होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॉलेजला एक कॉम्प्युटर मिळाला, त्याच्यासोबत भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर मिळाला आणि पेशीविभाजनाची एक सीडी. सीडी आधी हातोहात फिरली. मुलींनी तिच्यात तोंडं पाहिली, मुलांनी उन्हात धरून छतावर इंद्रधनुष्य नाचवलं. मीही घरी नेऊन अब्बांना दाखवली. ते बराच वेळ ती उलटीपालटी करत राहिले, आणि यात आवाज नेमका कुठं बसतो असं त्यांनी मला विचारलं.

पहिल्या दिवशी प्रोजेक्टर लावला तर भिंतीवर काहीच दिसेना. खिडक्यांतून ऊन भसाभस आत येत होतं. आम्ही चादरी टांगल्या, चादरीतूनही उजेड गाळून येत राहिला. मी वैतागून वायरींशी झटापट करत असतानाच दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. खांद्यावर दुपट्टा, घसा बसलेला. वर्गातल्या एका मुलीचे ते वडील. घरची धानाची शेती, आणि हिवाळाभर नाटक मंडळीत प्रॉम्प्टर.

इकडचं नाटक ज्यानं पाहिलं नाही त्याला हे थोडं सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली, धान घरात आलं, की गावोगाव नाटकं उभी राहतात. नट रोज वेगळ्या गावात वेगळं नाटक करतात, सगळं पाठ कुठून असणार? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. हातात बॅटरी, मांडीवर संहिता. तो पहिला शब्द पुढे टाकतो आणि नट तो उचलून पळतो. प्रेक्षकाला प्रॉम्प्टर ऐकू येतो, तरी कुणाचं काही बिघडत नाही. उलट तो ऐकू आला नाही तर माणसं अस्वस्थ होतात.

त्या गृहस्थांची लेक दुसऱ्या वर्षाला होती, आणि दुसऱ्यांदा. गेल्या साली प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत तिनं तोंडच उघडलं नव्हतं. परीक्षकांनी विचारावं आणि हिनं टेबलाकडे बघावं. पेपर बरे गेले होते, पण न बोलणाऱ्याला तोंडीचे गुण द्यायचे तरी कसे? वर्गातही तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हजेरीला ती फक्त हात वर करायची.

"घरी हे सारं बोलते, बाई," ते म्हणाले. "तुमच्या इथीच तिच्या तोंडाले काऊन कुलूप लागते? औंदा पास झाली त शिकवतो. नाई त तिच्या मायनं पोरगा पाहून ठेवला आहे. मंग माहं काई चालणार नाई."

मी म्हटलं, भाऊ, मी शिकवू शकते, तिच्या वतीनं बोलू शकत नाही. त्यांनी मान हलवली. माझ्याकडून याहून जास्त अपेक्षा त्यांची नसावीच. जाताना त्यांचं लक्ष चादरींकडे गेलं. उजेडात नाटक मरते, एवढंच ते पुटपुटले. पुढच्या बाजाराच्या दिवशी एसटीच्या टपावरून दोन जुने पडदे उतरले. मंडळीनं टाकून दिलेले, एक राजवाड्याचा आणि एक जंगलाचा.

पडदे लागले आणि वर्गात अंधार झाला. मग भिंतीवर निळसर उजेड पडला, त्यात कांद्याच्या मुळाची एक पेशी आली, आणि तिच्या पोटातली गुणसूत्रं हळूहळू हलायला लागली. इतकी वर्षं हे मी खडूनं फळ्यावर काढत आले होते. माझ्या चित्रात ती मेलेली असायची, आणि इथं ती जित्ती होती. ती मधोमध येऊन रांगेत उभी राहिली, आणि अचानक दोन्ही टोकांकडे ओढली गेली. मी, शिकवणारी, माऊस सोडून भिंतीजवळ गेले. तेवढ्यात मागच्या बाकावरून शिट्टी आली आणि वर्गानं वन्स मोअर दिला.

मी दिवे लावले आणि सगळ्यांना झापलं. हा वर्ग आहे, मंडप नाही, वगैरे. मग विचारलं, काय समजलं? काहीच समजलं नव्हतं. सीडीतला गृहस्थ तोंडात पान धरल्यासारखं इंग्रजी बोलत होता. एका मुलानं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं की चित्र झकास आहे, पण प्रॉम्प्टर पाहिजे.

रागावलेली असले तरी ते मला पटलं. मी सीडीचा आवाज बंद केला आणि मराठीत सगळं लिहून काढलं. पण एका हातानं माऊस सांभाळायचा, दुसऱ्यानं प्रोजेक्टरचा तापलेला डबा हलवायचा आणि वर बोलायचं, हे जमेना. वाचायला कोण येतं म्हणून विचारलं तर सगळ्यांच्या माना खाली. तास संपल्यावर ती मुलगी दाराशी रेंगाळली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"पडद्याच्या मागं बसू द्याल त मी वाचीन, मॅडम."

लहानपणी ती बापासोबत विंगेत बसायची, त्याची बॅटरी धरून. तिला नाटक ठाऊक होतं ते बाजूनं, नटांच्या पाठी बघत. समोरून बघणारी माणसं तिनं कधी पाहिलीच नव्हती, आणि तिला पाहिलेलंही कुणी नव्हतं. हे सगळं मला तिनं पुढे तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

राजवाड्याचा पडदा आम्ही थोडा पुढे ओढला आणि त्याच्या मागे खुर्ची ठेवली. भिंतीवर पेशी उमटली आणि राजवाड्यातून आवाज आला. सुरुवातीला माझीच वाक्यं, शाळकरी चालीत. काही दिवसांनी वाक्यं बदलायला लागली. केंद्रकाचं आवरण नाहीसं होतं, असं मी लिहिलं होतं. ती म्हणाली, आता आंगणाचं कुंपण विरून राह्यलं. गुणसूत्रांना तिनं जुळ्या बहिणी करून टाकलं. मधोमध आल्या, उभ्या राह्यल्या, आता दोन्हीकडून दोरी ताणली, आता हात सुटला. हात सुटला म्हणताना तिचा आवाज असा खाली यायचा की अंधारात कुणीतरी नाक ओढायचं.

मला आधी रागच आला. आमचं शास्त्र म्हणजे काय सासरी निघालेल्या पोरींची गोष्ट आहे? मी पडद्यामागं जाऊन बजावलं की परीक्षेत गुणसूत्रच म्हणावं लागेल, दोरीला तर्कुतंतू म्हणावं लागेल. पुढच्या तासाला दोन्ही शब्द यायचे, माझा आधी, मान राखून, आणि लगेच तिचा. वर्ग मात्र असा शांत बसायचा की प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर ऐकू यावी. रात्रभर नाटक पाहून आलेली, डोळे मिटत आलेली मुलं त्या निळ्या उजेडात अर्धवट झोपेत पेशीविभाजन शिकली, आणि जागेपणी शिकवलेल्या कुठल्याही धड्यापेक्षा पक्कं शिकली.

एकदा ऐन मधे लाईट गेली. साऱ्या राज्याला पुरणारी वीज आमच्या चंद्रपुरात तयार होते, आणि आम्हीच तासन्‌तास अंधारात, हे आमचं नेहमीचं रडगाणं. भिंत काळी झाली. मी उठून पडदा गुंडाळणार, तर राजवाड्यातला आवाज चालूच. बापाची बॅटरी तिच्याजवळ होती, पण तिनं ती लावलेली नव्हती. गुणसूत्रं निघाली, टोकाशी पोचली, मधे भिंत आली. काळ्या भिंतीकडे सगळे एकटक बघत बसले होते, आणि मीही बघत होते. तिला थांबवावं असं वाटलंच नाही.

पण परीक्षा जवळ येत होती. परीक्षेला राजवाडा कुठून आणणार? मी युक्ती केली. दर तासाआधी तिची खुर्ची गुपचूप थोडी बाहेर सरकवून ठेवायची. आज कोपर दिसेल, उद्या खांदा, असं करत करत ती सगळी बाहेर येईल असा माझा हिशेब. ती यायची, खुर्ची उचलायची आणि पुन्हा आत न्यायची. एकदा मी तिला उजेडात, एकटीला समोर उभं करून बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मी ओरडले नाही, हे माझ्या स्वभावाच्या मानानं बरंच झालं. घरी जाताना एसटीच्या खिडकीतून पळस पेटलेले दिसत होते आणि मला रडू येत होतं. पोरीला सगळं येत होतं आणि ते कुणालाही कळणार नव्हतं.

परीक्षेला नागपूरहून जे सर आले ते निवृत्तीला टेकलेले होते, कपाळावर कायमची आठी. आल्या आल्या चहा थंड मिळाला म्हणून त्यांनी आमच्या शिपायाला झाडलं, तेही अस्सल इकडच्या बोलीत. मला नवल वाटलं. पण विचारपूस करायला वेळ नव्हता. प्रयोगशाळेत लख्ख ऊन होतं. तिथं पडदा नव्हता, प्रोजेक्टर नव्हता. टेबलावर सूक्ष्मदर्शक, त्याच्याखाली कांद्याच्या मुळाची काचपट्टी, आणि समोर दोन खुर्च्या. एकीवर ते, दुसरीवर मी.

ती आली आणि टेबलाच्या कडेला उभी राहिली. यात काय दिसतं, त्यांनी आधी इंग्रजीत विचारलं, मग मराठीत. ती टेबलाकडे बघत राहिली. खिडकीबाहेर गाय चरत होती, तिच्या गळ्यातली लाकडी टोळ वाजत होती. मला त्या मुलीचा बाप आठवला. पहिला शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. तेवढाच तिला हवा होता, पुढचं ती उचलून पळाली असती. पण मी त्या दिवशी परीक्षक होते. मी ओठ घट्ट मिटून बसले, आणि इतकं जड काम मी नोकरीत दुसरं केलेलं नाही.

"पट्टी तरी धड लावली का," सर कुरकुरले, आणि चष्मा काढून स्वतःच बघायला सूक्ष्मदर्शकावर वाकले. एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. आता त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता. दिसत होती ती नुसती पाठ, सदऱ्यावर घामाचा डाग असलेली.

आणि त्या पाठीमागून आवाज आला.

"हे थांबलेलं दिसते, सर, पण थांबलेलं नाई."

सर हलले नाहीत. डाव्या बाजूची पेशी बघा, ती म्हणाली, तिथी गुणसूत्रं मधात येऊन उभी आहेत. तर्कुतंतू दोन्हीकडून ताणून राह्यले. आता तिच्या खालची बघा, तिथी हात सुटला. मेलेल्या, रंगात बुडवलेल्या त्या पेशी ती एकीकडून दुसरीकडे चालवत नेत होती, आणि सरांचा हात आपोआप काचपट्टी सरकवत होता, ती सांगेल तिकडे. शेवटी एका खोलीच्या दोन खोल्या झाल्या, मधे भिंत आली, आणि ती थांबली.

मला वाटलं, आता सर मान वर करतील आणि पुन्हा सगळं संपेल. त्यांनी मान वर केली नाही. डोळा भिंगालाच लावून ते हळूच म्हणाले, "वन्स मोअर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्यापासून सुरू केलं, कुंपण विरण्यापासून. जुळ्या बहिणी मधोमध आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, दोरी ताणली गेली. तेवढ्यात सरांनी मान वर केली आणि चष्मा लावून सरळ तिच्याकडे बघितलं.

ती थांबली नाही.